जुन्या जीपचं स्टिअरिंग मधूनच थडथडतं? उद्यमनगरात दाखवा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका जीपच्या गॅरेजला चार तारे. पाचवा का कापला ते खाली येईलच.

आमची जीप महिंद्राची सीजे-थ्री-बी, १९६० ची, लेफ्ट हँड, म्हणजे स्टिअरिंग डावीकडं. एरवी तक्रार नाही, पण वेग ताशी चाळिसाच्या आसपास असताना पुढचं एक चाक खड्ड्यात आपटलं की स्टिअरिंग असं थडथडायला लागतं की दोन्ही हातांनी आवळून धरावं. गाडी जवळजवळ उभी केली की शांत. मग कित्येक दिवस काहीच नाही. असलं दुखणं गॅरेजवाल्याला दाखवायचं म्हणजे वैताग, तिथं गेलं की गाडी शहाण्यासारखी वागते. कुणी टायर बदलायला लावले, कुणी बॅलन्सिंग केलं, कुणी स्टिअरिंगचे झटके शोषणारा डँपर बसवला. दर वेळी थोडे दिवस बरं, की पुन्हा येरे माझ्या मागल्या.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या या गॅरेजला बोर्ड नाही. लेथच्या दुकानांच्या ओळीत, दारात बॉनेट उघडून जीपा उभ्या दिसल्या की तेच. मिस्त्रींचं पहिलंच वाक्य, "गाडी सोडून जायचं न्हाई पावणं. कुठं हलत्या ते आधी दाखवा, मग पाना लावतो." आणि खरंच शेजारी बसून शहराबाहेर बालिंग्याच्या पुढपर्यंत आले. एका उखडलेल्या पट्ट्यावर जीपनं एकदाचा हिसका दाखवला. मिस्त्री खूश.

परत आल्यावर जॅक नाही लावला. चाकं जमिनीवर, इंजिन बंद. पोराला स्टिअरिंग अगदी थोडं डावं-उजवं हलवायला सांगून स्वतः गोणपाट टाकून खाली शिरले आणि एकेका सांध्यावर बोट ठेवत गेले. स्टिअरिंग बॉक्सचा आर्म, त्याला जोडलेला ड्रॅग लिंकचा दांडा, त्याची ओढ पुढं देणारा बेल क्रँक, आणि त्यातून चाकं वळवणारे दोन्ही टाय रॉड. मलाही खाली बोलावलं. बेल क्रँक वळायच्या आधी अंगठ्याखाली चक्क तिरका उचलला जात होता. त्याची पिन एका अंगानं खाल्लेली. ताजं ग्रीस भरलं की ती पोकळी भरते आणि काही दिवस खेळ, म्हणजे सैलपणा, जाणवत नाही. म्हणजे आजवर ज्यानं त्यानं काम संपल्यावर ग्रीसगन मारून दिली, आणि तिचं श्रेय टायरला नि डँपरला गेलं!

मग जॅक. चाक वरून-खालून धरून हलवलं, खडखड आली. पोराला ब्रेक दाबायला लावून पुन्हा हलवलं, तरी आली. ब्रेकनं थांबली असती तर दोष व्हील बेअरिंगचा. नाही थांबली म्हणजे किंग पिन, ज्यावर चाक डावं-उजवं वळतं ती. तिच्या वरच्या टोपीखालचा एक पातळ शिम (पत्र्याची चकती) काढला, टाय रॉड सोडला आणि नकल, म्हणजे चाकासकट वळणारा भाग, स्प्रिंगच्या काट्यानं ओढून ताण बघितला. इथं सैल राहिलं तर थडथड, फार आवळलं तर वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही.

स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रूही कुणीतरी खेळ लपवायला पिळून ठेवलेला. तो चाकं सरळ ठेवूनच लावायचा असतो, कारण आतला कॅम (आटे पाडलेला दांडा) मध्यावर सगळ्यात घट्ट बसतो. चाकं वळवून लावला की सरळ रस्त्यावर जाम. तो सैल करताना मिस्त्रींनी आधीच्या कारागिराचा जो उद्धार केला, तो इथं लिहिण्यासारखा नाही.

पिन शेजारच्या लेथवर नवी करून घेतली, मूळ बारीक रोलरच्या नीडल बेअरिंगच्या जागी गनमेटलचा बुश (धातूची नळी). सगळं मूळ कंपनीसारखंच हवं असा हट्ट असेल तर आधीच सांगा, ते विचारत बसत नाहीत. मला चालतंय. त्याच पट्ट्यावरून मुद्दाम वेगात नेली, हूं की चूं नाही.

तारा कापला तो वेळेसाठी. फोन उचलत नाहीत, दिवस सांगत नाहीत, आणि काम चालू असताना मालकानं तिथंच बसावं ही अट. बिल तोंडी, मजुरी मात्र वाजवी. शॅकलचे, म्हणजे पाट्याच्या स्प्रिंगा टांगणाऱ्या कड्यांचे, बुश अजून राहिलेत, ते दिवाळीनंतर. खंडेनवमीच्या आधीच्या आठवड्यात चुकूनही जाऊ नका, पूजेला गाडी हवी म्हणून पंचक्रोशीतल्या जीपा तिथं तुंबलेल्या असतात.