एक्स प्लगइन: सॉकेट की टीसीपी?
मायएसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरमध्ये ८.० पासून एक्स प्लगइन (एक्स प्रोटोकॉलने जोडणी देणारा भाग) आपोआप चालू असतो आणि ३३०६० पोर्टवर ऐकतो. नेहमीचा ३३०६ वेगळा. बाइंड अ‍ॅड्रेस (सर्व्हर कोणत्या पत्त्यावर ऐकतो ते) मुळात तारांकन (*), म्हणजे सगळे इंटरफेस खुले! मला हे फार खटकतं. नेहमीचा बाइंड अ‍ॅड्रेस १२७.०.०.१ (म्हणजे फक्त तेच मशीन) केला तरी प्लगइनचा वेगळाच राहतो, तोही बदलावा लागतो, आणि सर्व्हर रीस्टार्ट केल्याशिवाय लागू होत नाही.

अ‍ॅप त्याच लिनक्स मशीनवर असेल तर युनिक्स सॉकेट (त्याच मशीनवरचे प्रोग्रॅम फाइलद्वारे जोडणारा मार्ग) घ्या. नेटवर्क मध्ये येतच नाही.

अ‍ॅप दुसऱ्या मशीनवर असेल तर टीसीपीच (नेटवर्कवरून जोडणी) हवं. तिथे बाइंड अ‍ॅड्रेसला सर्व्हरचा खासगी आयपी द्या, टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन) सक्तीचं करा, फायरवॉलमध्ये ३३०६० फक्त अ‍ॅपच्या मशीनपुरता उघडा. प्लगइनच्या कनेक्शनची मर्यादा मुळात १०० असते, अ‍ॅपचा कनेक्शन पूल (उघडून ठेवलेल्या कनेक्शनचा साठा) त्या हिशेबाने ठेवा.