वूर्डनलेइस्ट डॉट ऑर्ग : शब्द तोडून देते, जोर सांगत नाही

नेदरलँड्समधल्या अ‍ॅम्स्टेलव्हेनला नव्याने आलेली मराठी मंडळी डच शिकायला लागली की मी त्यांना आधी ही साइट दाखवते. डचची अधिकृत शुद्धलेखन यादी. छापील रूपात तिला 'हिरवं पुस्तक' म्हणतात. पहिली आवृत्ती १९५४ची, अलीकडची २०१५ची. साइट मात्र फुकट.

जोडशब्द कुठे मोडायचा, ते ती ठिपक्याने दाखवते. 'आव्होन्त' म्हणजे संध्याकाळ, 'एतन' म्हणजे जेवण. दोन्ही जोडले की आपली जीभ 'आव्होन्देतन' म्हणून मोकळी होते, कारण लिहिताना तिथे 'ड' असतो. यादीतला ठिपका बरोबर जोडावर पडतो. तिथे थांबलं की 'ड'चा 'त' आपोआप होतो.

पण हे ठिपके ओळीच्या शेवटी शब्द मोडण्यासाठी आहेत. एकटा स्वर ओळीच्या टोकाला लटकवायचा नाही असा नियम आहे, म्हणून 'आव्होन्त' अखंड दिसतो आणि 'एतन'ही. उच्चारात प्रत्येकी दोन तुकडे आहेत! ठिपके मोजून शिकाल तर फसाल.

जोराबद्दल, म्हणजे बोलताना शब्दाच्या कुठल्या भागावर वजन द्यायचं याबद्दल, यादी गप्प. बहुतेक जोडशब्दांत तो पहिल्या भागावर येतो : सायकलचा रस्ता, 'फीत्सपात', 'फीत्स'वर. पण 'स्तातहाउस' (नगरपालिकेची इमारत) 'हाउस'वर, आणि हिवाळ्यात इथे सगळीकडे दिसणारी कुरळ्या पानांची भाजी 'बुरनकोल' थेट 'कोल'वर. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्याच वजनाने बोलतो, त्यामुळे हे कानाला लवकर कळतच नाही.

तरी क्रियापदांपुरती एक पळवाट यादीतच आहे. 'फोरकोमन' एकदा 'घडणे', एकदा 'टाळणे'. स्पेलिंग तेच, ठिपके तेच. मग भूतकाळी कृदंत (मराठीतल्या 'घडलेलं', 'टाळलेलं'सारखं रूप) बघा : मध्ये 'ख' घुसून 'फोरखकोमन' झालं असेल तर जोर 'फोर'वर (घडणे), नसेल तर 'को'वर (टाळणे). कुणी शिकवत नाही हे!

बाकीच्या शब्दांसाठी विकिवूर्डनबुक (डच विक्शनरी, ऑनलाइन मुक्त शब्दकोश) शेजारी उघडं ठेवा, तिथे बऱ्याच शब्दांच्या उच्चारात जोराची खूण असते. रस्त्यांच्या नावांना तर तेवढंही नको : 'काल्व्हरस्त्रात'सारखं शेवटी 'स्त्रात' (रस्ता) असेल तर जोर आधी, 'प्रिन्सनख्राख्त' किंवा 'लेइत्सप्लेइन'सारखं शेवटी 'ख्राख्त' (कालवा) किंवा 'प्लेइन' (चौक) असेल तर शेवटी.

५ पैकी ४.