फ्री डिश, दहा महिने: एका रबरी टोपीपायी अठरा दिवस

गेल्या ऑक्टोबरात दर महिन्याच्या रिचार्जला वैतागून डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची बिनरिचार्जची डिश, बसवली. घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला. दोन फुटी छत्री, एलएनबी (छत्रीपुढचा सिग्नल पकडणारा डबा), बॉक्स, वायर, बसवणावळ धरून २१०० रुपये. आधी महिन्याला ३०० जात होते, म्हणजे सात महिन्यांत पैसे वसूल. चॅनेलचं रडगाणं गाणार नाही. आईला सह्याद्री लागतं, ते लागलं.

बसवणारा पोरगा आल्या आल्या म्हणाला, "काका, डोंगर आड येतोय, उंच पाइप लागंल, ६०० जादा." ऐकू नका. फ्री डिश ज्यावरून येते तो जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, साताऱ्यातून तो आग्नेयेला जवळजवळ ६० अंश वर येतो. किल्ला काय तिथवर पोचतोय! शेजाऱ्यांचा नारळ मात्र पोचत होता, म्हणून छत्री गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात घेतली. फुकटात.

जुलैत हे लिहायला बसलो तेव्हा पहिलं वाक्य होतं, ‘साताऱ्याच्या पावसाला दोन फुटी छत्री पुरत नाही, तीन फुटीच घ्या.’ ते मागे घेतो. जोराची सर आली की चित्र फुटतं, अडकतं, हे खरं. पण सर ओसरली की दहा मिनिटांत परत येतं. आमचं दोन दिवस कडक ऊन पडूनही येईना. बॉक्सच्या सिग्नलच्या पानावर स्ट्रेंग्थ ८०, क्वालिटी शून्य. दुकानदाराने छत्री न बघताच निकाल दिला, "एलएनबी गेली, साडेतीनशे." वर माणूस पाठवायला आज-उद्या करत अठरा दिवस काढले. तोवर आई रोज सात वाजता बंद टीव्हीकडे आणि मग माझ्याकडे बघायची.

शेवटी स्वतःच चढलो. एलएनबीचा कनेक्टर फिरवला तर आतून दोन थेंब पाणी ओघळलं. तांब्याची तार देव्हाऱ्यातल्या न घासलेल्या तांब्यासारखी हिरवी. याच वायरीतून बॉक्स वर एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो, त्यामुळे ओल शिरली की तांबं भराभर खाल्लं जातं. आणि स्ट्रेंग्थच्या आकड्यावर जाऊ नका, त्यात सिग्नल सोडून नुसता गोंगाटही (बिनकामाच्या लहरी) मोजला जातो. बघायची ती क्वालिटी.

वीतभर वायर कापली, १५ रुपयांचा नवा कनेक्टर लावला, क्वालिटी ७२. एलएनबी तीच, अजून ठणठणीत.

आता खरा संताप. कनेक्टरवर चढवायची रबरी टोपी आणायला निघालो, तर ती एलएनबीच्या रिकाम्या खोक्यातच सापडली, उरलेल्या स्क्रूंच्या पिशवीत! पोराने लावलीच नव्हती. बसवणावळीचे ३५० मात्र मोजून घेतले होते. तेव्हा माणूस गच्चीवरून उतरायच्या आत खोकं उघडून बघा. टोपी लावा, वर टेप गुंडाळा आणि कनेक्टरखाली वायरीला झोळ ठेवा, म्हणजे पाणी तिथूनच खाली ठिबकतं.

छत्रीचे बोल्ट गंजायला लागलेत. सध्या ग्रीस फासलंय, दिवाळीत बदलेन.