माळ्यावरील एसीचा ट्रे: निचऱ्याची नळी की फ्लोट स्विच?

माळ्यावर बसवलेल्या एसीच्या कॉइलवर जमणारे पाणी मुख्य नळीतून बाहेर जाते. ही नळी शेवाळाने किंवा गाळाने तुंबली की ते युनिटखालच्या ट्रेमध्ये साचते आणि ट्रे भरून वाहू लागला की थेट छतात मुरते. यावर उपाय दोन: ट्रेला स्वतंत्र नळी जोडणे किंवा त्यात फ्लोट स्विच बसवणे.

नळीला वीज लागत नाही आणि मुख्य नळी तुंबली तरी एसी चालू राहतो. मात्र तिला सलग उतार हवा, दर 100 सेंटिमीटरला किमान 1 सेंटिमीटर. शिवाय ती मुख्य नळीला जोडता कामा नये, कारण मग एकाच अडथळ्याने दोन्ही बंद होतात. तिचे तोंड मुद्दाम खिडकीच्या वर, नजरेस पडेल असे काढतात, कारण तिथून ठिबकणारे पाणी हीच बिघाडाची सूचना असते. (ती पाहणारे कोणी नसेल, तर बिघाड महिनोन्‌महिने तसाच राहतो.)

ट्रेमध्ये पाणी चढले की स्विचचा तरंगता भाग (फ्लोट) उचलला जातो, सर्किट तुटते आणि एसी बंद पडतो; घर तापले की दुर्लक्ष करणे अशक्यच. बसवणे सोपे, पण धुळीने फ्लोट अडकू शकतो, म्हणून ट्रेमध्ये थोडे पाणी ओतून तो अधूनमधून तपासावा लागतो.

एकच निवडायचे असल्यास माझा कौल स्विचला, कारण नळी पाणी फक्त वाहून नेते, तर स्विच ते तयार होणेच थांबवतो. उतार मिळत असेल, तर दोन्ही बसवावेत.