एन्लार्जरची लेन्स घेताय? आधी कोपरे बघा

२००३च्या सिंहस्थात रामकुंडावर काढलेले माझे ब्लॅक अँड व्हाइट रोल घरच्या डार्करूममध्ये १२ बाय १६ इंचांवर मोठे करायचे होते. त्यासाठी नाशिकमधल्याच जुन्या कॅमेऱ्यांच्या एका व्यापाऱ्याकडून एन्लार्जरची, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो पाडणाऱ्या यंत्राची, ५० मिलिमीटर लेन्स घेतली. नऊ हजार रुपये, रोख. "काका, सहा भिंगांची आहे, कंपनीतून निघाल्यापासून कोणी उघडलेली नाही. फाळक्यांच्या जिल्ह्यात आता अशी वस्तू बघायला तरी मिळते का?" माणूस गोड बोलतो, हे कबूल करायलाच हवं. बिल मागितलं तर "जीएसटी लागेल" म्हणाला.

दुकानातल्या एन्लार्जरवर त्याने ग्रेन फोकसर (फिल्मचा दाणा मोठा करून फोकस दाखवणारं भिंग) ठेवून दाखवला तो बरोबर मध्यभागी. दाणा वाळूसारखा स्वच्छ. घरी प्रिंट काढली तर मधले साधू चकाचक आणि कडेची माणसं लोण्यासारखी वितळलेली. गर्दीच्या फोटोत कडाच गेल्या तर उरतं काय?

फोन केला, तर उत्तर तयार होतं: तुमचा एन्लार्जर वाकडा आहे. घरी येऊन लेव्हल ट्यूब ठेवली, दोन स्क्रू फिरवले आणि अडीच हजार घेतले. कोपरे तसेच. मग म्हणाला, बल्बच्या उष्णतेने निगेटिव्ह फुगते, काचेचा कॅरियर (निगेटिव्ह दाबून धरणारी चौकट) घ्या. असं होतं हे खरंच आहे, म्हणून तर त्याचं बोलणं पटत जातं. फिल्म काचेला टेकल्यावर उमटणारी वलयं टाळणारी 'अँटी-न्यूटन' काच म्हणून आणखी पैसे. पहिल्याच प्रिंटवर आकाशात तेलाच्या तवंगासारखी वलयं उमटली. खऱ्या अँटी-न्यूटन काचेची एक बाजू किंचित खरखरीत असते, ती निगेटिव्हच्या चकचकीत बाजूला लावायची. ही दोन्हीकडून गुळगुळीत, म्हणजे फोटोफ्रेमची साधी काच.

तेव्हा मी रोलच्या सुरुवातीचा प्रकाश लागून काळाकुट्ट झालेला तुकडा घेतला आणि त्यावर शिवणाच्या सुईने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली ओढली. कॅरियरमध्ये घातल्यावर खाली पांढऱ्या बारीक रेघा दिसतात, त्यात लबाडी लपत नाही. मध्यभागी फोकस केला की चारही कोपरे सारखेच फुटत होते. कोपऱ्यावर फोकस केला की मधली रेघ पसरायची. लेन्सचं छिद्र एफ ८पर्यंत बारीक करूनही फरक थोडासाच. एन्लार्जर वाकडा असता तर एका बाजूवर फोकस करताच समोरची आणखी बिघडली असती. इथे चारही कोपरे एकत्रच बिघडत आणि सुधारत होते, म्हणजे दोष लेन्सचा, नाहीतर निगेटिव्ह फुगल्याचा. आणि निगेटिव्ह तर आता काचेत दाबलेली होती.

नाशिकरोडच्या एका स्टुडिओवाल्या मित्राची लेन्स लावली. त्याच एन्लार्जरवर, त्याच स्क्रूंवर, एफ ८ला रेघ टोकापर्यंत सुईसारखी. मग त्याच्या ओळखीच्या कॅमेरा दुरुस्तीवाल्याने माझी लेन्स भिंगाखाली धरली. मागच्या रिंगच्या खाचांत पान्याचे ताजे ओरखडे होते. बुरशी पुसायला कोणीतरी उघडली होती आणि एक भिंग उलटं बसवलं होतं. त्याने ते फिरवून बसवलं आणि कोपरे आले.

व्यापाऱ्याने अलाइनमेंटचे अडीच हजार परत दिले, तेही दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी असताना मी दोन्ही लेन्सनी काढलेल्या फुलीच्या प्रिंट काउंटरवर ठेवल्या म्हणून. लेन्सबद्दल "मी तर तशीच घेतली होती" आणि काचेबद्दल काहीच नाही.

जुनी लेन्स घ्यायला जाणाऱ्यांनी असा सुईने फुली ओढलेला फिल्मचा तुकडा खिशात घेऊनच जावं आणि दुकानदाराला तो कोपऱ्यात दाखवायला सांगावं. रिंगच्या खाचा टॉर्च मारून बघाव्यात. बिल नाही तर लेन्स नाही. आणि हो, त्याच्याकडे आता एक ८० मिलिमीटरची आली आहे, मला फोटोही पाठवला. खाली लिहिलंय: कधीही न उघडलेली.