भर आषाढात मी म्हणे चौदा तास उडाले!

पैसे गेले त्यापेक्षा मी किती भोटम ठरले, याचंच जास्त वाईट वाटतं. तरी लिहिते, कारण पायलट करतो म्हणून फसवणारी हीच माणसं आता दुसऱ्या तालुक्यात सेमिनार घेतायत असं कळलंय.

आम्ही देवगडचे, हापूसवाले. चिपीला विमानतळ सुरू झाला तो ऑक्टोबर 2021 मध्ये. पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हापासून माझ्या डोक्यात विमान चालवायचं खूळ होतं. मग कुडाळला एका हॉटेलच्या हॉलमध्ये मोफत सेमिनारची जाहिरात दिसली. पांढरा शर्ट, खांद्यावर चार पट्ट्या लावलेले एक ‘सर’. म्हणाले, "विमानतळ तुमच्या जमिनीवर, मग पायलट बाहेरचे कशाला?" हॉलभर टाळ्या. प्रायव्हेट पायलट लायसन, 40 तास उड्डाण, सगळं मिळून 2 लाख 75 हजार, सराव ‘लवकरच चिपीला’.

तिथेच गणित मांडायला हवं होतं. तासाला सात हजारही पडत नाहीत, आणि त्यात विमान, इंधन, इन्स्ट्रक्टर सगळं आलं! पेटीमागे दहा रुपये इकडे-तिकडे झाले तर दलालाशी तासभर वाद घालणारी मी, इथे गप्प बसले. आंब्याचे पैसे हातात होते. बाबांनी एकदाच विचारलं, "विमान बघितलंस?" मी म्हटलं, दाखवतील.

1 लाख 90 हजार भरले. 70 हजार यूपीआयने, बाकी रोख, कारण रोखीला ‘जीएसटी सुटतो’ म्हणे. वर्ग म्हणजे भाड्याचा गाळा, तीन कॉम्प्युटर आणि जॉयस्टिक. याच गेमला ते सिम्युलेटर म्हणायचे आणि तास उड्डाणातच धरले जातात असं सांगायचे. महिन्याभरात स्टुडंट पायलटचं लॅमिनेशन केलेलं कार्डही आलं. माझी वैद्यकीय तपासणी झाली नव्हती, एकही पेपर दिला नव्हता, तरी कार्ड आलं! मी ते स्टेटसला ठेवलं.

लॉगबुक, म्हणजे उड्डाणांच्या नोंदींची वही, सहीसाठी त्यांच्याकडेच असायची. गणपतीच्या आधी ती घरी आणली. निळ्या शाईत सुबक अक्षर, विमानाचा नंबर व्हीटीपासून सुरू होणारा, एकूण 14 तास, त्यातले 3 सोलो, म्हणजे एकटीने उडवलेले. बाबा चष्मा लावून एकेक ओळ बघत होते. जुलैच्या एका तारखेवर बोट ठेवून म्हणाले, "बाय, ह्या दिवशी तू खय उडलंस? कौलां गळत होती म्हणान माझ्यावांगडा प्लॅस्टिक घालूक इल्लंस ना?"

मी काहीच बोलले नाही. त्या दिवशी अंगणातून गोठ्यापर्यंत जाता येत नव्हतं आणि लॉगबुकात मी एकटीने 1 तास 10 मिनिटं आकाशात.

त्यानंतर जे शोधलं ते आधी शोधायचं होतं. प्रशिक्षण डीजीसीएची, म्हणजे सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता असलेल्या संस्थेतच घ्यावं लागतं, आणि त्या संस्थांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते. आमच्या सरांची संस्था त्यात नाही. महाराष्ट्रात प्रशिक्षणाची विमानं उडतात ती बारामती, शिरपूर, गोंदियासारख्या ठिकाणी. विद्यार्थी परवान्यासाठी वय 16 पूर्ण लागतं, प्रायव्हेटसाठी 17, शिक्षण दहावी पास. क्लास टू मेडिकल, म्हणजे वैद्यकीय तपासणी, डीजीसीएच्या पॅनेलवरच्या डॉक्टरकडेच. परीक्षेसाठी आपल्या नावाचा कॉम्प्युटर नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, निघतो, पास व्हायला 70 टक्के लागतात. चाळीस तास खऱ्या विमानातले: निदान 20 सोलो, त्यात 5 तास क्रॉस-कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून लांब दुसरीकडे उडत जाणं, आणि त्यातली एक फेरी 150 नॉटिकल मैलांची, म्हणजे सुमारे 278 किलोमीटर, वाटेत दुसऱ्या दोन विमानतळांवर उतरून. घरच्या कॉम्प्युटरवरचा खेळ यात कुठेच बसत नाही.

आणि ‘लायसन मिळालं की एअरलाइनमध्ये नोकरी’ ही तर सरांची शुद्ध थाप. या लायसनवर पगार घेऊन विमान चालवताच येत नाही. त्याला कमर्शियल लायसन लागतं, ते 200 तासांचं.

कुणी विचारलंच, तर मी एवढंच सांगते: धावपट्टीवर जा, ज्यात बसणार त्या विमानाचा नंबर स्वतः लिहून घ्या, पैसे उडालेल्या तासांप्रमाणे द्या आणि लॉगबुक रोज घरी आणा. लाजून गप्प बसू नका, मी बसले होते.

सरांचा फोन बंद आहे. गाळ्यात आता साड्यांचा सेल लागलाय. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, पण तोवर त्यांचं खातं रिकामं झालं होतं. रोख 1 लाख 20 हजारांची पावतीच नाही. लॉगबुक आणि कार्ड पोलिसांकडे जमा आहे. आमच्या बॅचला अकरा जण होतो, तक्रारीला तिघेच आलो. उरलेल्या आठांपैकी कुणी हे वाचत असेल तर आपापलं लॉगबुक काढून जुलैच्या तारखा बघा आणि ते घेऊन ठाण्यात या. तपास अधिकारी म्हणाले, जितकी लॉगबुकं जास्त तितकी केस भक्कम.