ॲब्लेट की मार्टिन? चार नंबरच्या दोन जर्सी

मेलबर्नला राहायला आलेल्या मराठी घरात पहिल्याच हिवाळ्यात पोर शाळेतून येऊन विचारतं, "आई, आपण कुठल्या टीमचे?" टीमचं उत्तर सोपं असतं. जो शेजारी आधी स्कार्फ आणून देईल, त्याची टीम आपली. खरी पंचाईत पुढे होते. फूटीची, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलची, गोडी लागते, जुने सामने बघावेसे वाटतात आणि कोणी ना कोणी विचारतंच, की या काळातला सगळ्यात मोठा मिडफिल्डर कोण? गॅरी ॲब्लेट ज्युनिअर की डस्टिन मार्टिन?

मी बरीच वर्षं मार्टिनच्या बाजूने भांडायचो. आता ॲब्लेटच्या बाजूने भांडतो. तुम्हाला ठरवायचं असेल तर दोन्ही बाजू नीट मांडतो.

अगदी नवखे असाल तर एवढंच लक्षात ठेवा. बॉक्सिंग डे कसोटीमुळे आपल्याला माहीत असलेल्या एमसीजीवरच हा खेळ हिवाळ्यात चालतो. मैदानावर प्रत्येकी 18 खेळाडू असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू मारला की 6 गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर 1. मिडफिल्डरचं काम म्हणजे मधल्या झुंबडीत घुसून चेंडू काढायचा, अंगावर तिघे येत असताना तो आपल्या माणसाला द्यायचा आणि हे दोन तास करत राहायचं.

आधी मार्टिन, कारण त्याची बाजू ऐकताक्षणी पटते. व्हिक्टोरियातल्या कॅसलमेन या लहान गावचा हा मुलगा. 2009च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, रिचमंड क्लबने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. त्या वेळी रिचमंडचे चाहते 1980च्या विजेतेपदाच्या आठवणींवर दिवस काढत होते. 2017मध्ये मार्टिनने 36 मतं मिळवून हंगामाच्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो मेडल जिंकलं, आणि त्याच आठवड्यात रिचमंडने ॲडलेडला 48 गुणांनी हरवून 37 वर्षांचा दुष्काळ संपवला. त्या फायनलचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून नॉर्म स्मिथ मेडलही त्यालाच मिळालं. एकाच वर्षी ब्राउनलो, नॉर्म स्मिथ आणि विजेतेपद, हे त्याच्याआधी कोणालाच जमलं नव्हतं. वडिलांना ऑस्ट्रेलियात यायला मनाई होती, त्यामुळे त्यांनी मुलाचा हा दिवस न्यूझीलंडहून पाहिला. हे आठवलं की मला आजही गलबलून येतं.

मग 2019 आणि 2020. पुन्हा फायनल, पुन्हा विजेतेपद, पुन्हा नॉर्म स्मिथ त्याच्याच गळ्यात. दोनदा हे मेडल जिंकणारे मोजकेच, तीनदा जिंकणारा एकटा मार्टिन. या दोन्ही फायनलमध्ये त्याने चार-चार गोल मारले. त्याची ओळख म्हणजे तो पसरलेला हात. टॅकल करायला येणाऱ्याच्या छातीवर तळवा टेकवायचा, कोपर ताठ ठेवायचं आणि पळण्याचा वेग जराही न मोडता त्याला बाजूला सारायचं. इथे त्याला 'डोन्ट आर्ग्यू' म्हणतात. समोरचाही व्यावसायिक खेळाडू असतो, तगडा असतो, तरी दार ढकलावं तसा बाजूला होतो.

लोकांनी त्याच्यावर किती जीव लावला ते जून 2024मध्ये दिसलं. रिचमंड त्या हंगामात तळाला होतं, सामना जिंकण्याची आशा फारशी नव्हती, तरी मार्टिनच्या 300व्या सामन्याला एमसीजीवर 92,311 माणसं आली. मुलाखती टाळणारा, कधी कप्तान न झालेला खेळाडू, आणि त्याच्यासाठी फायनलएवढी गर्दी.

आता ॲब्लेट. त्याची गोष्ट आडनावापासून सुरू होते. वडील गॅरी ॲब्लेट सीनिअर जिलाँग क्लबकडून खेळायचे, आणि तिथे लोक त्यांना सरळ 'देव' म्हणत. गावसकर आडनाव लावून मुंबईत पॅड बांधणं काय असतं हे ज्याला कळतं, त्याला याहून जास्त सांगायला नको. वडिलांच्या क्लबला मुलावर पहिला हक्क देणारा जो बाप-लेक नियम आहे, त्यानुसार 2001मध्ये ज्युनिअर जिलाँगला आला, तोही 40व्या क्रमांकावर. पहिली काही वर्षं तो गोलपाशी खेळणारा गुणी पण सुशेगाद खेळाडू होता. 2006च्या अखेरीस त्याच्याच सहकाऱ्यांनी त्याला समोर बसवून सांगितलं, की तू आहेस त्याहून कितीतरी चांगला होऊ शकतोस, पण मेहनत कमी पडते. तो मधल्या फळीत आला आणि पुढची आठ वर्षं, 2007 ते 2014, सलग ऑल-ऑस्ट्रेलियन संघात, म्हणजे लीगमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीत, राहिला. मार्टिन या संघात चारदा निवडला गेला.

2007मध्ये जिलाँगने पोर्ट ॲडलेडला 119 गुणांनी हरवलं. फायनलमधलं तेवढं अंतर आजवर कोणी गाठलेलं नाही. 'देव' चार फायनल खेळून चारही हरला होता. मुलाने घरात विजेतेपद आणलं.

माझं मत फिरवलं ते मात्र 2009च्या फायनलने. सेंट किल्डाविरुद्ध शेवटचं सत्र, गुण बरोबरीत, सगळे दमलेले. मैदानाच्या मध्यावर जिलाँगच्या मॅथ्यू स्कारलेटने घसरत्या चेंडूला बुटाचं टोक लावलं आणि चेंडू ॲब्लेटकडे आला. त्याने तो धावतच उचलला आणि पुढे मारला, तिथून ट्रॅव्हिस व्हार्को आणि मग पॉल चॅपमन. गोल. त्या दिवशीचं नॉर्म स्मिथ मेडल चॅपमनला मिळालं आणि ते योग्यच होतं. पण हा तुकडा हळू करून चार वेळा बघा. मधल्या कडीकडे बघा. चेंडू हातात यायच्या आधीच त्याचं पुढचं ठरलेलं आहे.

इथेच तुलनेत एक गफलत होते. ब्राउनलोची मतं पंच देतात, दर साखळी सामन्यात 3, 2 आणि 1 अशी, आणि बाद फेरीचे सामने त्यात धरतच नाहीत. नॉर्म स्मिथ फक्त फायनलचं. म्हणजे एक मेडल हंगामाचं, दुसरं एका दुपारचं. ॲब्लेटकडे दोन ब्राउनलो आहेत, 2009 आणि 2013. मार्टिनकडे एक. पण मी सगळ्यात जास्त किंमत देतो ती तिसऱ्याच सन्मानाला. लीग खेळणारे खेळाडू आपसांत मतदान करून वर्षाचा सर्वोत्तम ठरवतात, त्याला ली मॅथ्यूज ट्रॉफी मिळते. ज्यांना त्याला अडवताना मार बसला, तेच इथे मत देतात. ती मार्टिनला एकदा मिळाली. ॲब्लेटला पाचदा, आणि इतकी कोणालाच मिळालेली नाही.

त्या पाचांतल्या शेवटच्या दोन तर गोल्ड कोस्टकडून खेळताना. 2011मध्ये लीगमध्ये नव्याने आलेल्या या संघाचा तो पहिला कप्तान. जिंकणारं जिलाँग सोडून तो कोवळ्या पोरांच्या संघात गेला. 2012मध्ये हा संघ हंगामात 3 सामने जिंकला, तरी खेळाडूंनी मत दिलं ॲब्लेटला. 2014मध्ये संघ पहिल्यांदाच बाद फेरीच्या जवळ आला होता, तेव्हाच त्याचा खांदा गेला आणि हंगाम कोसळला. सात वर्षांत तो तिथे बाद फेरीचा एकही सामना खेळला नाही. मार्टिनचे पाठीराखे इथे बोट ठेवतात आणि त्यांचं चूक नाही. जाण्याचा निर्णय त्याचाच होता. पण उत्तम संघात उत्तम खेळणं आणि आजूबाजूला सगळं कोसळत असताना दर आठवड्याला तसंच खेळणं, यांत दुसरं मला जास्त अवघड वाटतं.

गोलांचा हिशेब मांडायचा तर ॲब्लेट 357 सामन्यांत 445, मार्टिन 302 सामन्यांत 338. यावरून काही ठरवू नका. ॲब्लेट सुरुवातीला पुढच्या फळीतच होता आणि मार्टिन कायमच अर्धा पुढे, अर्धा मध्ये.

तेव्हा माझा कौल असा. आयुष्यात एकच सामना जिंकायचा असेल, तर मी मार्टिनला घेईन आणि निर्धास्त झोपेन. दहा हंगाम खेळायचे असतील तर ॲब्लेट, आणि मिडफिल्डरची थोरवी मी हंगामांत मोजतो. घरात नवखा प्रेक्षक असेल तर मात्र आधी मार्टिनच दाखवा, कारण त्याचा खेळ समजावून सांगावा लागत नाही. ॲब्लेट दुसऱ्या वर्षी.

किंवा दोघांना एकत्रच बघा. 24 ऑक्टोबर 2020, ब्रिस्बेनचं गाबा, कोविडमुळे पहिल्यांदाच व्हिक्टोरियाबाहेर झालेली फायनल. तीनच महिन्यांनी याच मैदानावर रहाणेच्या संघाने कसोटी जिंकली. जिलाँगला परतलेल्या ॲब्लेटचा हा शेवटचा सामना आणि पाठीवर 4 नंबर. मार्टिनच्याही पाठीवर 4. सुरुवातीच्या काही मिनिटांतच टॅकलमध्ये ॲब्लेटचा खांदा निखळल्यासारखा झाला, तो आत गेला, पट्ट्या बांधून परत आला आणि शेवटपर्यंत खेळला. मध्यंतराला जिलाँग 15 गुणांनी पुढे होतं. मग मार्टिन सुटला आणि रिचमंड 31 गुणांनी जिंकलं. खेळ संपल्यावर दोन्ही संघांचे खेळाडू दोन रांगा करून उभे राहिले, आणि हरलेला ॲब्लेट टाळ्यांमधून, त्या दुखऱ्या खांद्यासकट, मैदानाबाहेर चालत गेला.